मदरबोर्ड - १ नग

"अहो सर, गेमिंगसाठी कार्ड बघायचं फक्त. बोर्ड काय, कुठलाही चालतो!"

मागच्या महिन्यात एका शनिवारी जालना रोडवरच्या एका दुकानात हे वाक्य ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. सोबत मामा आणि मामेभाऊ. मामेभाऊ यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, त्याला गेमिंगचा पीसी हवाय (घरी सांगितलेलं कारण अर्थातच 'कोडिंग'). मामा पैठण तालुक्यातले, कापूस विकून आलेले. शर्टाच्या आतल्या खिशात रबर लावलेली गड्डी, ऐंशी हजारांची. "तू कंप्युटरवाला, तूच बघ बाबा. मला त्यातलं काय उमगत नाही," म्हणून ते स्टुलावर बसलेले.

दुकानदाराने लेटरपॅडवर कोटेशन लिहून दिलं. ग्राफिक्स कार्डाचं नाव कंपनीसकट, मॉडेलसकट, त्यावर किती पंखे आहेत त्यासकट. कॅबिनेटची तर जन्मपत्रिकाच: काच कुठल्या बाजूला, आरजीबी पंखे किती, रिमोट आहे की नाही. आणि खाली दोन ओळी:

मदरबोर्ड - १ नग
रॅम १६ जीबी - १ नग

बस्स. कुठल्या कंपनीचा, कुठल्या चिपसेटचा, रॅमचा वेग किती, काही नाही. नग! किराणा दुकानात साबणसुद्धा आपण नाव सांगून घेतो हो.

तर मंडळी, आजचा लेख ह्या '१ नग' च्या विरोधात आहे. माझं म्हणणं सरळ आहे: गेमिंगच्या पीसीत जी फसवणूक होते ती कार्डात होत नाही, कारण कार्डाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ती बोर्डात आणि मेमरीत होते. आणि त्यात दुकानदारापेक्षा जास्त दोष आपला आहे, कारण आपण विचारतच नाही.

आधी माझी कर्मकहाणी.

२०१६ साली मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी पीसी घेऊन दिला. बाबा वाळूजला एका कंपनीत होते. दिवाळीचा बोनस अधिक पतपेढीचं थोडं कर्ज मिळून अडतीस हजार. बिलावर (तेव्हा पत्त्यात औरंगाबाद छापलेलं असायचं) लिहिलेलं 'रॅम ८ जीबी'. बोर्डावर मेमरीचे दोन स्लॉट, एकात आठची स्टिक, दुसरा रिकामा. "पुढे वाढवता येईल, म्हणून रिकामा ठेवला," असं सांगितलं गेलं. आम्हाला तो केवढा मोठा उपकार वाटला!

कार्ड नव्हतं, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालू होतं. गेम अडखळायचे. मी दोन वर्षं एकच पाढा म्हणत होतो, कार्ड नाही म्हणून होतंय. २०१८ च्या सुरुवातीला, जेव्हा क्रिप्टो मायनिंगवाल्यांमुळे कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते, नेमकं तेव्हा मी बाबांच्या मागे लागलो. 'फायनल इयरच्या प्रोजेक्टला लागतं' असं धडधडीत खोटं बोललो. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो! बाबांनी साडेचौदा हजार दिले. कुठून दिले ते मी विचारलं नाही.

कार्ड आलं. फरक पडला, नाही असं नाही. पण गर्दीचा सीन आला की मधेच झटका बसायचा तो बसायचाच. मग एका रात्री लॅबच्या असाइनमेंटसाठी सीपीयू-झेड उघडलं, मेमरीच्या पानावर गेलो, तर तिथे 'चॅनेल: सिंगल'. मित्राची आठची स्टिक एका संध्याकाळसाठी मागून आणली, रिकाम्या स्लॉटात बसवली. झटके जवळपास गेले. मग कार्ड काढून बघितलं. नुसत्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरसुद्धा जे गेम दोन वर्षं रडत होते ते बऱ्यापैकी चालायला लागले.

चिडण्याचं खरं कारण पुढे आहे. आठची एक ऐवजी चारच्या दोन स्टिक पहिल्या दिवशीच घेतल्या असत्या तर बिलात फारसा फरक पडला नसता. जवळपास त्याच पैशात! कुणाला काही तोटा नव्हता. फक्त कुणी विचार केला नव्हता. मी पण नाही.

आता हे चॅनेल प्रकरण काय आहे ते सांगतो. आपल्या शहरातल्या माणसाला ते समजायला दोन मिनिटं लागतात. पैठणला जायकवाडी आहे, शंभर टीएमसीपेक्षा जास्त क्षमतेचं धरण, शहरापासून पन्नासेक किलोमीटर. आणि तरी आम्ही लहानपणापासून पाण्याचा वार पाठ करून वाढलो. नळ कितव्या दिवशी येणार, त्यावर घरातली धुणी ठरायची. धरण भरलेल्या वर्षीसुद्धा! कारण मधले पाइप: एक ७०० मिलिमीटरचा, एक १४०० चा, दोन्ही जुने, आणि शहर कुठच्या कुठे वाढलेलं. धरणात किती पाणी आहे ह्यावर तुमच्या घरातली बादली भरत नाही, पाइप केवढा आहे ह्यावर भरते.

१६ जीबी हा धरणाचा आकडा आहे. चॅनेल हा पाइप आहे. दुकानात आपण धरणाचा आकडा विचारतो आणि खूश होऊन घरी येतो.

मामांना हे दुकानातच सांगितलं. ते हसले, म्हणाले, "म्हंजी धरण आमच्याकडं अन् बोंब तुमच्याकडं!" बघा, कापूस पिकवणाऱ्या माणसाला कळलं.

आता हिशोब. मेमरीची एक स्टिक एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते. माझी जुनी डीडीआर४ २१३३ वेगाने चालायची: २१३३ गुणिले ८, म्हणजे सेकंदाला साधारण १७ जीबी. दोन स्टिक असत्या तर ३४. आजची डीडीआर५-६००० एक स्टिक असेल तर ४८ जीबी, दोन असतील तर ९६. कागदावरचे आकडे आहेत हे, प्रत्यक्षात कमी मिळतं, पण एक आणि दोन मधला फरक गेममध्ये दिसतो. सरासरी फ्रेम्समध्ये कमी दिसतो, झटक्यांमध्ये जास्त दिसतो. आणि खेळताना डोकं फिरतं ते झटक्यांनीच.

हे सगळं मी दुकानात बोललो. त्यावर आलेलं उत्तर ऐका. "सर, ते जुनं झालं. डीडीआर५ मध्ये एकच स्टिक ड्युएल चॅनेल असते."

हे अर्धसत्य आहे, आणि म्हणून जास्त धोकादायक. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये आतल्या आत ३२-३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात, हे खरं. काही सॉफ्टवेअर एकाच स्टिकला '२ x ३२ बिट' असं दाखवतं, हेही खरं. पण ३२ आणि ३२ मिळून ६४ च होतात ना भाऊ! पाइपाच्या मधोमध भिंत घातली म्हणून पाइप मोठा होत नाही. दोन स्टिक लावल्या की एकूण १२८ बिट होतात, तो मोठा पाइप.

दुसरं अर्धसत्य म्हणजे 'आत्ता एक घ्या, पुढे दुसरी टाका'. डीडीआर५ मध्ये वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक, जरी नाव तेच असलं तरी, पूर्ण वेगाने एकत्र नांदतील ह्याची खात्री नसते. आतल्या चिप्स बदललेल्या असू शकतात. म्हणून कंपन्या दोनचा जोड एकत्र तपासून, एका खोक्यात विकतात. तो जोडच घ्यायचा. 'आत्ता दोन, पुढे अजून दोन' हेही तितकंसं खरं नाही. एएमडीच्या रायझन ७००० चा अधिकृत कागद काढून बघा: दोन स्टिकना ५२००, चार स्टिक लावल्या की ३६००. चार स्लॉटचा बोर्ड म्हणून मिरवायचं आणि ते भरले की वेग कमी! त्यामुळे दोनच स्लॉटचा बोर्ड दिला म्हणून नाक मुरडू नका.

आता बोर्डाकडे येतो. 'कुठलाही चालतो' हे वाक्य तीन ठिकाणी खोटं ठरतं.

पहिलं, उद्याचा दिवस. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. पण आधीच्या दोन पिढ्यांचे बोर्ड त्यांना चालेनात, नवा ३०० सिरीजचा बोर्ड घ्या म्हणाले. त्याच वर्षी ज्यांनी एएमडीचा एएम४ सॉकेटवाला बी३५० बोर्ड घेतला, त्यांना २०२२ मध्ये नुसतं बायोस बदलून रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला. पाच वर्षांनी, त्याच बोर्डावर! (मधे कंपनीने आढेवेढे घेतले, पण शेवटी दिला.) आज एएम५ सॉकेट २०२२ पासून चालू आहे आणि २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणजे बोर्ड निवडताना तुम्ही चार वर्षांनंतरचा प्रोसेसर निवडत असता. तो '१ नग' कसा असेल?

दुसरं, वीज आणि ऊन. प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास वीज लागते, पॉवर सप्लाय देतो १२ व्होल्ट. मधलं रूपांतर बोर्डावरचं व्हीआरएम नावाचं सर्किट करतं. १२० वॅटचा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर शंभरेक अँपिअर ओढतो. तुमच्या घरच्या मीटरजवळच्या एमसीबीवरचा आकडा बघा, ३२ नाहीतर ४० असेल. (व्होल्ट वेगळे, मान्य. पण तापणं अँपिअरवर ठरतं.) स्वस्त बोर्डावर हे सर्किट उघडंबोडकं असतं, त्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंकसुद्धा नसतो. ते फार तापलं की बोर्ड गुपचूप प्रोसेसरचा वेग उतरवतो. तुम्ही आय-सेव्हन घेतलेला असतो, चालत असतो त्याचा धाकटा भाऊ.

आणि यूट्यूबवरचे रिव्ह्यू कुठल्या खोलीत होतात? एसी लावलेल्या, बावीस-पंचवीस डिग्रीच्या. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर आणि स्लॅबखालच्या खोलीत पंखा गरम हवा फिरवत असतो. त्यांच्या प्रत्येक आकड्यात पंधरा डिग्री वाढवूनच वाचायचं. तिकडे 'ठीकठाक' ठरलेला बोर्ड इकडे नापास होऊ शकतो. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर हे सगळं ज्ञान एका पावसाळ्यात जळून जाईल.

तिसरं, बायोस. २०२३ साली काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचं प्रकरण आलं, एएमडीने बायोसमधून एका व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर व्हायला लागले, त्याचाही उपाय बायोसमधूनच आला. ज्या बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर शेवटचं बायोस दोन वर्षांपूर्वीचं आहे तो बोर्ड घेणं म्हणजे पंक्चरवाला नसलेल्या रस्त्यावर रात्री निघणं.

बरं, आता उलट्या बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवू नयेत. कारण दुसरं पाप त्यांचं आहे. 'फ्यूचर प्रूफ' म्हणत सगळ्यात महागडा एक्स८७०ई बोर्ड, त्यावर ८००० वेगाची इंद्रधनुषी मेमरी, आणि मग कार्डाला पैसे उरले नाहीत म्हणून रडणारे. अरे, सहा कोअरच्या प्रोसेसरला मधला बी६५० किंवा बी८५० बोर्ड, नीट हीटसिंक असलेला, भरपूर झाला. रायझनसाठी ६००० हा वेग सोयीचा असं एएमडीनेच २०२२ मध्ये सांगितलं. त्याच्या बऱ्याच पुढे गेलात की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर निम्म्या चालीवर जातो आणि जास्त दिलेले पैसे पाण्यात.

वेगासोबत सीएल पण बघा. सोपं गणित: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ५२०० सीएल४० म्हणजे १५ च्या वर. जुनी डीडीआर४-३२०० सीएल१६ काढा, तीही १० च येते. खोक्यावर डीडीआर५ लिहिलंय म्हणून उत्तर लवकर येतं असं नाही.

'पण आता रॅमचे भाव बघितलेस का?' असं तुम्ही म्हणणार. बघितले. पोटात गोळा आला. जगातली बहुतेक सगळी डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन ह्या तीन कंपन्या बनवतात आणि त्या एआयच्या सर्व्हरांना पुरवण्यात गुंतल्या आहेत. २०२५ च्या शेवटी भाव असे चढले की डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल नावाने सामान्य ग्राहकाला विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ह्यात माझाही हात आहे बरं का. आमच्या ऑफिसात सोमवार ते शुक्रवार सगळं एआयमय आहे, पगार त्यातूनच येतो. आणि शनिवारी मी मामासोबत दुकानात उभा राहून रॅम महाग झाली म्हणून हळहळतो!

पण भाव वाढले म्हणून '१ नग' ला माफी मिळत नाही, उलट गुन्हा मोठा होतो. मेमरी स्वस्त होती तेव्हा चूक झाली तर वर्षभराने सुधारता यायची. आता पहिल्या दिवशी चुकलात की त्या चुकीसोबतच इंजिनिअरिंग पूर्ण करायचं.

दुकानदारावर माझा राग नाही. वॉरंटीला धावून येतो तोच, ऑनलाइनवाला नाही. त्याला जे मागतात ते तो देतो, आणि मागणारे कार्ड आणि लाइट मागतात. म्हणून मी एवढंच म्हटलं, "बोर्डाचं आणि रॅमचं पूर्ण मॉडेल बिलावर लिहा, १८ टक्के जीएसटी भरतोय तर पक्कं बिल द्या." पाच मिनिटं कुरकुर झाली, मग त्याने आतून दुसरी खोकी काढली. होती की!

शेवटी काय घेतलं? रायझन ५, हीटसिंकवाला बी६५० बोर्ड, ज्यात प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं असा, आणि आठ-आठची ६००० वाली जोडी. आठची डीडीआर५ स्टिक सोळाच्या स्टिकपेक्षा थोडी मागे पडते आणि काही नव्या गेमना १६ जीबी कमी पडेल, हे मला माहीत आहे. बत्तीसचे पैसे नव्हते. तरी सोळाच्या एकट्या स्टिकपेक्षा ही जोडी बरी. कार्ड एक पायरी खालचं घेतलं आणि रिमोटवाले पंखे परत ठेवले. मामेभाऊ दोन दिवस तोंड पाडून होता. (एक्स३डीवाला प्रोसेसर परवडत असेल तर त्याच्या मोठ्या कॅशमुळे मेमरीच्या वेगाचं एवढं टेन्शन राहत नाही. पण ऐंशी हजारांत नाही.)

गारखेड्यातल्या आमच्या घरीच जोडला. दोन्ही स्टिक प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात. बायोसमध्ये जाऊन एक्सपो चालू केलं. हे केलं नाही तर ६००० ची मेमरी जन्मभर ४८०० वरच चालते आणि पोरं पैसे मोजून मागे राहतात. चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळाच. "दादा, गेला!" म्हणून ह्याचा चेहरा पांढरा. गेला नव्हता, मेमरीचं ट्रेनिंग चालू होतं. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका, चहा घ्या. मग सीपीयू-झेडमध्ये ३००० दिसल्यावर परत बोंब, "दादा, फसवलं आपल्याला!" नाही रे बाबा, डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माल देणारी मेमरी. तीन हजार दुणे सहा हजार.

बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. मागच्या वर्षी रिटायर झाले. त्यांनी विचारलं, "आपल्याला तर एकच होती ना? ह्यात दोन का?"

मग सांगितलं सगळं. रिकामा स्लॉट, साडेचौदा हजार, फायनल इयरचा प्रोजेक्ट, सगळं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मामांना म्हणाले, "ह्याने तेव्हा विचारलं असतं तर दोन हजारात काम झालं असतं म्हणे." आणि उठून टीव्ही लावायला गेले.

असो. तर मंडळी, पीसी घ्यायला जाल तेव्हा कोटेशनवर '१ नग' दिसलं की पेन काढा आणि त्यापुढे नाव लिहून मागा. बोर्ड कुठला, चिपसेट कुठला, हीटसिंक आहे का, बायोस कधीचं, स्टिक किती, वेग किती, सीएल किती. सात प्रश्न आहेत. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्याचे पडतात, आणि बहुतेक वेळा ते आपल्या खिशातून जात नाहीत, खुर्चीवर बसून बघणाऱ्या माणसाच्या खिशातून जातात.